न सापडलेली नळी

"वैजू, तुझे कान घेऊन ये गं."

अण्णांची हाक आली तेव्हा मी नुकतीच पुण्याहून येऊन चहाचा कप हातात घेतला होता. आई ओट्याशी होती. तिनं मागं वळून बघितलं नाही, पण गॅस बंद केला आणि कपाटावरची बॅटरी उचलली. स्टीलची, लांब, जुनी टॉर्च. आमच्याकडे तिला बॅटरीच म्हणत. अण्णांनी गाडीचं बॉनेट उघडलं की आईनं बॅटरी धरायची आणि मी कान द्यायचा, हे आमच्या घरात माझ्या लहानपणापासून ठरलेलं होतं.

"चहा तरी पिऊ दे तिला," आई तिथूनच ओरडली. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "गाडी काय पळून जात न्हाई. पळत न्हाई म्हणून तर बोलावलंय."

"काय झालंय?"

"दम लागतोय म्हणतात तिला."

ही अण्णांची भाषा. इंजिन हवा ओढून घेतं, आणि त्या ओढीच्या जोरावर जुन्या गाड्यांमध्ये बारीक रबरी नळ्यांचं एक जाळं चालतं. कोणती ब्रेकला मदत करते, कोणती ठिणगीची वेळ सांभाळते. त्यातली एखादी चिरली किंवा सैल झाली, की इंजिन नको तिथून हवा पितं. मग गाडी सुरू होते, गुरगुरते, आणि थांबली की थरथरून बंद पडते. मेकॅनिक म्हणतात व्हॅक्यूम लीक. अण्णा म्हणत, दम लागला.

तो महिना लग्नांचा होता. दोन दिवसांवर गडहिंग्लजला माझ्या सुशीआत्याच्या केतकीचं लग्न आलं होतं. आत्याचे यजमान केतकी बालवाडीत असतानाच गेले. तेव्हापासून अण्णा तिचे मामा कमी आणि वडील जास्त. सुट्टीत ती आमच्याकडे आली की या गाडीत अण्णांच्या मांडीवर बसून हॉर्न वाजवायची, आणि अण्णा म्हणायचे, "लग्न झालं की याच गाडीतनं तुला सासरी सोडणार. मी स्वतः चालवणार. नवऱ्याला म्हणावं, मागं गप बस." तिनं ते धरून ठेवलं होतं. लग्न ठरल्यावर तिचा पहिला फोन आईला नव्हे, अण्णांना आला होता. "मामा, गाडी धुऊन ठेव."

मी कप घेऊनच बाहेर गेले.

घराच्या एका बाजूला मागांची शेड आणि दुसऱ्या बाजूला गाडीची पत्र्याची शेड, असं आमचं इचलकरंजीतलं घर. मागांचा खडखडाट इतका सवयीचा, की वीज गेल्यावर तो थांबला की आम्ही दचकत असू. अण्णांची उमेदीची वर्षं दुसऱ्यांच्या शेडमध्ये जॉबर म्हणून गेली. जॉबर म्हणजे माग जुळवणारा, बिघडलेला माग चालू करून देणारा माणूस. नंतर त्यांनी स्वतःचे माग घातले. त्या वेळी आमच्या मागांवर पोपटी सुताचा बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेला मोठा रूळ, चढला होता, आणि त्याचा कोंडा अण्णांच्या केसांत, कानांच्या पाळ्यांवर, अगदी भुवयांतसुद्धा बसला होता.

"आला बघा पोपट," मी म्हणाले.

"हस. व्यापाऱ्याला पोपटी पाहिजे म्हणून घातला. आता बघून नाक मुरडतोय." त्यांनी फडक्यानं तोंड पुसलं. "बाबालाल दोनदा येऊन गेला. त्याला सापडंना."

बाबालाल मुजावर अजून तिथंच होता. शेडच्या दाराशी उकिडवा बसून पाने पिशवीत भरत होता. आमच्या गल्लीच्या टोकाला त्याचं गॅरेज. अण्णांच्या गाडीला त्यांच्याखेरीज हात लागायचा तो फक्त त्याचा.

"सापडंना कसं अण्णा?" तो म्हणाला. "पयल्यांदा आलो तवा एक नळी निसटली हुती. बसवली. गाडी झकास. चार दिसांनी पुन्ना तीच रड."

"मग नीट बसवली नसशील."

"मी बसवलेली नळी आपल्या मनानं निसटत न्हाई." हे बोलताना तो अण्णांकडे बघत नव्हता. आई बॅटरी घेऊन आली होती, तिच्याकडे बघत होता. मग पिशवी खांद्याला लावून उठला. "ताई आल्यात, आता घरातल्या घरात बघा. मी हात टेकलं."

"म्हातारा झालास तू," अण्णा म्हणाले.

"तुमच्या आधी न्हाई हुणार," बाबालाल म्हणाला आणि गेला.

अण्णांना हे दुखणं शोधायची एकच पद्धत मान्य होती. हातभर रबरी नळीचं एक टोक कानात धरायचं, इंजिन चालू ठेवायचं, आणि दुसरं टोक प्रत्येक जोडावरून, प्रत्येक वळणावरून हळूहळू फिरवायचं. जिथून हवा आत शिरत असेल तिथं सुस्कारा ऐकू येतो. दूध उतू जायच्या आधी येतो तसा, बारीक. अण्णांना तो कधीच ऐकू आला नाही. मागांनी त्यांच्या कानातले सगळे बारीक आवाज नेले होते. कुकरची शिट्टी गेली, फोनची घंटा गेली, माझ्या बाळपणीचं रडणंसुद्धा आई सांगायची तेव्हा त्यांना कळायचं. जाड आवाज तेवढे उरले. म्हणून फ्रॉकमध्ये असल्यापासून मी त्यांचा कान.

पण ऐकू येत नाही म्हणून त्यांचं काही अडलंही नाही. मागांच्या शेडमध्ये कोणी ओरडत बसत नाही. तिथली माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवतात आणि चार माग पलीकडचा माणूस उत्तर देतो. अण्णा त्यात पटाईत. घरी आजी होती तेव्हा आई आणि अण्णा तिच्यादेखत असेच बिनआवाजी बोलायचे, आणि आजी म्हणायची, "माझ्याविषयी चाललंय." लग्नकार्यात अण्णा मांडवाच्या एका टोकाला बसून दुसऱ्या टोकाच्या बायकांचं बोलणं आईला सांगायचे. "ती जांभळी साडी तुझ्या पाटल्यांना खोट्या म्हणतेय." आई चिडायची. "तुम्ही दुसरीकडं बघा बघू." मलाही त्यातलं थोडंफार यायचं. पुण्याला ग्रंथालयात नोकरीला लागल्यावर, काचेपलीकडे कुजबुजणारी मुलं काय म्हणतात ते कधीकधी मला कळायचं. मी त्यांना कधी सांगितलं नाही.

"बस करा तुमचा सत्संग," अण्णा आम्हा दोघींना म्हणाले. "वैजू, कान."

ते गाडीत बसले. खिडकीच्या काचा वर होत्या, मागांचा कोंडा आत येऊ नये म्हणून. त्यांनी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, पण त्याचा सूर लागेना. वर जायचं, खाली यायचं. अण्णांनी ॲक्सिलरेटर दाबून धरला तेव्हा कुठं टिकलं. आम्ही दोघी बॉनेटखाली वाकलो. दुपार होती, तरी शेडमध्ये अंधारच होता. आईनं बॅटरी लावली.

मी ब्रेकच्या जाड नळीपासून सुरुवात केली. ती ठीक. तिथून फिल्टरकडे, तिथून मागं. माझ्या हातातलं टोक पुढं सरकायचं त्याच्या जरा आधी बॅटरीचा उजेड पुढं जायचा. हे आईचं नेहमीचं. आपण कुठं बघणार हे तिला आधी कळायचं. अण्णा म्हणायचे, बॅटरी धरणाऱ्याला अर्धं इंजिन पाठ पाहिजे, आणि आईला ते पूर्ण पाठ होतं. तिनं कधी पान्याला हात लावला नाही एवढंच.

इंजिनाच्या मागच्या अंगाला करंगळीएवढी एक नळी वळसा घालून खाली जात होती. मी कानाची नळी तिकडं वळवली. आणि तिथं उजेड नव्हता.

बॅटरीचा उजेड बॉनेटच्या कडेवर, काहीच नसलेल्या जागी पडलेला होता.

मी अंधारातच टोक पुढं सरकवलं. सुस्कारा इतका स्पष्ट आला की मी मान मागं घेतली. बोटानं चाचपलं. नळीच्या टोकाशी, खालच्या अंगाला, वरून दिसणार नाही अशी, लांब सरळ चीर होती. रबर जुनं झालं की आडवं तडकतं, वेडंवाकडं. ही चीर कात्रीची होती. आमच्या मागांवर सुताच्या गाठी कापायला छोट्या कात्र्या असतात, तिच्या पात्याएवढी.

मी आईकडे बघितलं.

तिचा चेहरा माझ्याइतकाच खाली वाकलेला होता. इंजिन गुरगुरत होतं. "त्यांना दिसत न्हाई इथनं," ती म्हणाली. "बॉनेट आडवं हाय. ऐकू तर येतच न्हाई."

"तू केलंस?"

"गेल्या महिन्यात जयसिंगपूरहून येत हुतो," आई म्हणाली. ती घाईत बोलत नव्हती. भाजीवाल्याबद्दल सांगावं तसं सांगत होती. "समोरनं उसाची ट्रॉली. मी म्हणलं, अहो, बाजूला घ्या. घेईनात. बघितलं तर डोळं उघडं, हात स्टिअरिंगवर, आणि माणूस न्हाई तिथं. नुसतं बसलेलं. मी हाताचा ब्रेक ओढला. दोन्ही हातांनी ओढला. गाडी फिरून बांधाला टेकली."

"आणि मग?"

"मग आले जागेवर. म्हणाले, काय झालं गं? मी म्हणलं, कुत्रं आडवं आलं. तुम्ही वाचवलंत त्याला." तिनं पदरानं ओठ पुसले. "खूश झाले. घरी येऊन दोनदा सांगितलं सगळ्यांना, कुत्रं वाचवलं म्हणून."

"आई, अगं त्यांना सांगायला नको? डॉक्टरला..."

"सांगितलं तर काय करतील? उद्या मागात हात घालायला भितील. परवा जिना उतरायला. हा माणूस बसला तर संपला, वैजू. तुला म्हायती न्हाई. मला म्हायती हाय." तिनं बॅटरी दुसऱ्या हातात घेतली. "पण केतकीला मागं बसवून मी न्हाई जाऊ देणार. हळद लागलेली पोर. नाही म्हणून मला तोंडानं सांगता येत न्हाई त्यांना. मग गाडीलाच सांगितलं."

गाडीच्या आतून अण्णांनी हॉर्न दिला. काय झालं, असा.

"ब्रेकच्या नळीला मी हात लावला न्हाई," आई म्हणाली. "तेवढं मला कळतं. नुसती उभी राहिल्यावर बंद पडेल अशी बघून घेतली. आणि पयली निसटवली हुती ती बाबालालला सापडली, म्हणून मग खालनं चिरली."

"बाबालालला माहितेय?"

"त्यानं विचारलं न्हाई. मी सांगितलं न्हाई."

हॉर्न पुन्हा वाजला. मग ॲक्सिलरेटरवरून पाय निघाला असावा. इंजिन खाली खाली आलं, थरथरलं आणि बंद पडलं. पलीकडचे माग एकदम मोठ्यानं वाजू लागल्यासारखे वाटले.

"सापडलं का?" अण्णांनी काच खाली केली.

आईनं बॅटरी त्या नळीवर आणली. नेमकी चिरेवर. उजेड अजिबात हलत नव्हता. माझ्याकडे तिनं बघितलं नाही, विनवणी वगैरे काही केली नाही. तुला दिसतंय ते दिसतंय, आता तू बोल, एवढंच.

केतकीनं धरून ठेवलेला तो शब्द मला आठवला. अण्णांनी गेल्या आठवड्यात फोनवर विचारलं होतं, गाडीला झेंडू लावायचा का निशिगंध, ते आठवलं. आणि उसाची ट्रॉली, जी मी बघितली नव्हती.

"नाही अण्णा," मी म्हणाले. "सगळीकडे फिरवली नळी. नाही सापडत."

ते स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसले. समोर उभं बॉनेट होतं, बघण्यासारखं काही नव्हतं. मला वाटलं चिडतील, मला बाजूला सारून स्वतः वाकतील, बोटांनी एकेक नळी चाचपतील, आणि मग चीर लागेल. ते उतरले. माझ्या हातातली कानाची नळी घेतली, गुंडाळली, खिळ्याला अडकवली.

"तुझेबी कान गेले म्हणायचे," ते म्हणाले. "पुस्तकांत बसून."

"गेले असतील."

"बाबालालला सांग, भाड्याची चांगली गाडी बघ. एसीची. केतकी उकडून जाईल न्हाईतर शालूत." मग आईकडे वळून म्हणाले, "बॅटरी बंद कर. सेल उतरतील."

आईच्या हातात ती तशीच जळत होती.

लग्नात वरातीच्या वेळी अण्णा भाड्याच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसले. मी मागून दुसऱ्या गाडीत चढण्यापूर्वी केतकीपाशी गेले होते, तेव्हा ती पुढं वाकून त्यांना विचारत होती.

"मामा, तुझी गाडी का नाही आणलीस?"

"आजारी आहे."

"मग बरी कर की."

"वय झालं तिचं. मधेच दम लागतो, कळत न्हाई तिला." मग त्यांनी मागं हात केला आणि तिच्या डोक्यावरून, मुंडावळ्या सांभाळून, फिरवला. "नव्या गाडीतनं जा. झकास हाय ही."

गाडी निघाली. अण्णा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, पाहुणा बसतो तसे.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हणाले की कोल्हापूरला कानाचे चांगले डॉक्टर आहेत, एकदा दाखवून येऊ. डॉक्टर कानाचे नव्हते, मेंदूचे होते. मी फोनवरून त्यांना सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. अण्णा दवाखान्याला तोंड वाकडं करणारे. मी भांडायच्या तयारीनं गेले होते. त्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, "चल." आत जाताना मला म्हणाले, "तू बाहेर बस." बराच वेळ आत होते. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात गोळ्या होत्या.

"काय म्हणाले?"

"कान गेलेत म्हणाले."

त्या गोळ्या त्यांनी न चुकता घेतल्या. आईनं आठवण करून द्यायची वेळ एकदाही आली नाही, हे ती फोनवर कौतुकानं सांगायची. मागात हात घालायचं काम त्यांनी हळूहळू दुसऱ्या जॉबरकडे दिलं. "वय झालं," म्हणायचे, अगदी सहज. आईला भीती होती तसे ते संपले नाहीत. शेडमध्ये खुर्ची टाकून सगळ्यांना ओठांनीच कामं सांगायचे, हसायचे, व्यापाऱ्यांशी भांडायचे. गाडी मात्र पुन्हा रस्त्यावर आली नाही. दर रविवारी ते बॉनेट उघडायचे, आई बॅटरी धरायची, गाडी सुरू व्हायची आणि बंद पडायची. "न्हाई सापडत," अण्णा म्हणायचे. "बघू पुढच्या वेळी." पुढं बॅटरी उतरली, गाडीची, आणि ती सुरूही होईना. तरी ते बॉनेट उघडत. फडक्यानं आतलं पुसत. आई उजेड धरून उभी राहायची.

मी एकदा तिला विचारलं, "तुझी ती नळी त्यांना अजून दिसली नाही?"

"दिसली असती तर बोलले नसते का?" आई म्हणाली. "मी तिथं उजेडच नेत न्हाई."

अण्णा एका सकाळी झोपेतच गेले. त्यानंतर आई बरीच वर्षं एकटी राहिली, पुण्याला यायला तयार झाली नाही. दर रविवारी गाडीवरचं कापड झटकायची, एवढं शेजारीण सांगायची. गेल्या महिन्यात तीही गेली.

तेराव्यानंतर मी घर आवरायला थांबले. गाडी बाबालालला द्यायची ठरवलं होतं. आता त्याची दाढी पांढरी झाली आहे. तो आला, शेडचं दार उघडलं, बॉनेट वर केलं.

"ताई, जरा उजेड धरा."

कपाटावरची बॅटरी मी आणली. तो वाकला, एकेक नळी बोटानं उचलून बघू लागला. मागच्या वळशापाशी त्याचं बोट थांबलं.

"ही काकींनी चिरल्याली हुती," तो म्हणाला.

"तुला माहीत होतं."

"मला दुसऱ्या खेपेलाच दिसली. घरातली गोष्ट. आपण कशाला बोला." त्यानं नळी जरा वळवली. "पण हे बघा. चिरल्यालं टोक कापून टाकलंय कुणीतरी. सरळ कापलंय. आन् नळी परत चढवून वर दोऱ्याचा वेढा घातलाय, घट्ट. ही गाठ जॉबरची."

मी बॅटरी जवळ नेली. दोरा पोपटी होता. वर धूळ होती, पण बोटानं पुसली की रंग निघाला.

तो बीम व्यापाऱ्यानं केतकीच्या लग्नाच्या आठवड्यातच परत मागवला होता. मागांवरून उतरवला, आणि आमच्याकडे पोपटी सूत परत कधी चढलं नाही.

"मग गाडी चालायला हवी होती," मी म्हणाले.

"चालली असती की. म्हणून तर दावतोय. हिकडं या." तो पलीकडच्या बाजूला गेला आणि कार्ब्युरेटरच्या मागं, खोल, हात घातला. "हितं आणखी एक नळी हाय. बसल्यागत दिसती. पण बसल्याली न्हाई. काढून नुसती शेजारी टेकवून ठेवलीया. तिच्या तोंडात त्याच दोऱ्याची गुंडाळी घातलीया, कोण चुकून ढकलंल तर चढू नये म्हणून. हे काकींचं काम न्हाई. बांगड्यांचा हात हितं जात न्हाई."

मी उजेड त्या गुंडाळीवर धरला. मग त्यानं विचारलं, "बसवू का? नवी बॅटरी टाकली तर एका सुरात चालू हुईल."

"नको. आहे तशीच ने. ढकलत."

"मग तुम्ही स्टिअरिंगला बसा. गल्लीत कोण भेटलं तर हात लावतील. जरा ही खालची पट्टी सोडवतो, मग निघू."

मी आत बसले. दार लावून घेतलं. काचा वर होत्या. अण्णांची सीट जिथं होती तिथंच होती, मागं. माझे पाय नीट पोचत नव्हते. समोर उभं बॉनेट. ते काचेपाशी जिथं संपतं, तिथं खाली एक आडवी फट उरते. चार बोटांची. त्या सीटवर मी बॉनेट उघडं असताना कधी बसले नव्हते.

फटीतून इंजिन दिसत होतं आणि त्यावर वाकलेला बाबालाल. कपाळ नाही, छाती नाही. फक्त नाकाखालचा चेहरा आणि दाढी, चौकटीत बसवल्यासारखी. तो इकडं तिकडं हात फिरवत होता आणि त्याचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता. शेजारच्या शेडमध्ये माग चालू होते.

मी काच खाली केली.

"पाना तुझ्या खिशात आहे, बाबालाल."

त्यानं खिसा चाचपला, पाना काढला, आणि बॉनेटच्या कडेनं डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघितलं.

"तुम्हास्नी कसं ऐकू आलं? काचा तर लावल्या हुत्या."

मी बोटानं फट दाखवली. त्यानं पट्टी सोडवली, बॉनेट खाली घेतलं आणि मागं जाऊन गाडीला खांदा लावला.

"ताई, ब्रेक सोडा."

हाताचा ब्रेक अगदी वरपर्यंत ओढलेला होता. तो सोडायला मला दोन्ही हात लागले.